निबंधाला रुब्रिक लावताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

निबंधाची वही उघडायची, भरभर वाचायची, मनात म्हणायचं “हा दहापैकी सहाचा”, आणि मग रुब्रिकच्या, म्हणजे निकष आणि पातळ्यांच्या तपासणी-तक्त्याच्या, चौकटींत अशा खुणा करायच्या की बेरीज नेमकी सहा यावी. रुब्रिक हाती आल्यावर पहिली दोन वर्षं मी हेच करत होतो. त्यात रुब्रिकनं तपासणीचं काम केलंच नव्हतं. निकाल आधीच लागलेला असायचा, रुब्रिक फक्त त्यावर शिक्का मारायचं.

खाली दिलेला क्रम सहावी ते आठवीच्या, मत मांडायला सांगणाऱ्या निबंधासाठी आहे. वर्णनात्मक किंवा आत्मकथनपर निबंध असेल तर निकष बदलतील, क्रम तोच राहील. तीन शब्द सुरुवातीलाच पक्के करून घेऊ. निकष म्हणजे काय बघायचं ते. पातळी म्हणजे ते कितपत जमलंय ते. आणि वर्णन म्हणजे त्या पातळीवरचं लेखन कागदावर कसं दिसतं ते. बहुतेक गोंधळ या तिसऱ्यात असतो, म्हणून सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवायचा आहे.

टप्पा १: आधी प्रश्न तपासा

रुब्रिक लिहायला बसण्याआधी निबंधाचा विषय आणि त्याखालची सूचना स्वतः वाचा. ‘गृहपाठ’ एवढाच विषय दिला, तर एक मूल गृहपाठाचे फायदे लिहील, दुसरं कालच्या गृहपाठाची गंमत सांगेल, तिसरं कविता करेल. तिघंही बरोबरच. त्यांना एका तक्त्यात बसवताना तुमचीच ओढाताण होणार.

त्यापेक्षा असं लिहा: ‘आठवड्यातून एक दिवस गृहपाठ नसावा, या मताशी तुम्ही सहमत आहात का? तुमचं मत स्पष्ट सांगा आणि ते वाचणाऱ्याला पटेल अशी कारणं द्या.’ आता काय मोजायचं ते प्रश्नातच आलं: मत, कारणं, पटवून देणं.

पडताळणी: या प्रश्नाचं उत्तर स्वतः दहा मिनिटांत लिहून बघा. लिहिताना तुम्हीच अडखळलात, तर सूचना सुधारायची आहे.

टप्पा २: निकष चारच ठेवा, फार तर पाच

उत्साहाच्या भरात आठ-दहा निकषांचा तक्ता होतो. चाळीस निबंध आणि आठ निकष म्हणजे ३२० निर्णय. पंधराव्या वहीनंतर डोळे नुसते चौकटींवरून फिरतात. या निबंधासाठी मी चार निकष ठेवतो:

१. मत: भूमिका कळते का आणि ती शेवटपर्यंत टिकते का
२. आधार: कारणं, उदाहरणं आणि ती मताशी जोडणं
३. मांडणी: परिच्छेद आणि त्यांचा क्रम
४. लेखननियम: शुद्धलेखन, विरामचिन्हं, वाक्यरचना

‘प्रस्तावना’ आणि ‘समारोप’ असे वेगळे निकष मी काढून टाकले. ते ठेवले की मुलं प्रत्येक निबंधाच्या शेवटी ‘अशा प्रकारे’ने सुरू होणारं एक ठरीव वाक्य चिकटवतात आणि त्याचे गुण द्यावे लागतात.

सावधान: एकाच चुकीचे गुण दोनदा जाऊ देऊ नका. ‘वाक्यं सुटसुटीत’ हे मांडणीतही आणि लेखननियमांतही लिहिलं, तर लांबलचक वाक्यं लिहिणाऱ्या मुलाला दोन ठिकाणी फटका बसतो. प्रत्येक गोष्टीचं घर एकच ठरवा. हस्ताक्षराला माझ्या तक्त्यात घरच नाही. अक्षर वाचताच येत नसेल, तर मुलाला शेजारी बसवून निबंध वाचून घ्यायचा. अक्षराबद्दल बोलणं व्हायला हवंच, पण ते वेगळं, गुणांच्या बाहेर.

टप्पा ३: पातळ्यांची वर्णनं लिहा

पातळ्या चार ठेवा. तीन किंवा पाच ठेवल्या की मधली चौकट मोकळ्या खुर्चीसारखी बोलावते, आणि दमलेला शिक्षक तिथेच जाऊन बसतो. चारमध्ये मधली जागाच नसते. अपेक्षेच्या वर की खाली, हे ठरवावंच लागतं.

लिहिण्याचा क्रम असा: आधी पातळी ३ लिहा. वर्ष नीट शिकलेल्या मुलाकडून जी अपेक्षा आहे, ती ही पातळी. मग पातळी २, म्हणजे त्यातलं काय अजून जमलेलं नाही. मग १. शेवटी ४. चौथीपासून सुरुवात केली की शिक्षक आपल्या स्वप्नातला निबंध लिहून ठेवतात आणि अख्खा वर्ग दुसऱ्या पातळीवर अडकतो.

आता खरी अडचण. बहुतेक तक्त्यांत ‘आधार’ या निकषापुढे असं असतं: ४ म्हणजे उत्कृष्ट आधार, ३ म्हणजे चांगला आधार, २ म्हणजे समाधानकारक आधार, १ म्हणजे असमाधानकारक आधार. हे वर्णन नव्हे, नुसती विशेषणं. ‘चांगला’ कुठे संपतो आणि ‘उत्कृष्ट’ कुठे सुरू होतो, हे प्रत्येक शिक्षकाच्या मनात वेगळं असतं. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असंही होतं. त्याऐवजी कागदावर काय सापडेल ते लिहा:

पातळी १: मत आहे, कारण नाही, किंवा तेच मत वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितलंय. (‘गृहपाठ नको, कारण तो नसावा असं मला वाटतं.’)

पातळी २: कारण आहे, पण ते कुणीही कुठेही लिहील असं. उदाहरण नाही, किंवा आहे ते कारणाशी जुळत नाही.

पातळी ३: कारणाला स्वतः पाहिलेलं, वाचलेलं किंवा अनुभवलेलं एक तरी नेमकं उदाहरण आहे, आणि ते कारणाशी जुळतं.

पातळी ४: तिसरीतलं सगळं आहेच, शिवाय त्या उदाहरणातून काय निघतं हे मुलानं स्वतःच्या वाक्यात सांगितलंय, किंवा समोरच्या बाजूचा आक्षेप घेऊन त्याला उत्तर दिलंय.

एका पातळीवरून वर जायला नेमकं काय भर घालायचं, हे मुलालाही वाचून कळेल. वर्णन जमलंय की नाही, याची हीच परीक्षा.

सावधान: आकड्यांचा आधार जपून घ्या. ‘किमान तीन कारणं’ असं लिहिलंत की मुलं तीन पोकळ कारणं लिहितात, आणि एकच कारण खोलात जाऊन मांडणारं मूल मागे पडतं. मोजायला सोपं म्हणून आकडा लिहायचा मोह होतो. लेखननियमांत एक वेळ चालेल, आधारात नको.

लेखननियमांबद्दल दोन गोष्टी आधीच ठरवून लिहून ठेवा. पहिली: तीच चूक पुन्हा आली तर किती वेळा धरायची? निबंधभर ‘आनि’ लिहिणाऱ्या मुलाची चूक एकच आहे, वीस नाहीत. दुसरी: ‘मुलं, गणितं, असं’ ही बोलण्यातली रूपं चूक धरायची की चालवून घ्यायची? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण तपासणीच्या मधेच निर्णय फिरवला, तर पहिल्या वीस मुलांवर अन्याय होतो.

टप्पा ४: गुणभार ठरवा आणि गणित करून बघा

सगळे निकष सारखेच महत्त्वाचे आहेत का? मत पटवून द्यायला सांगितलंय, म्हणजे आधार सर्वांत महत्त्वाचा. मी त्याला दुप्पट भार देतो, बाकी तिघांना एकेक. कमाल गुण ४ + ८ + ४ + ४, म्हणजे २०.

आता टोकाची उदाहरणं घालून बघा. सगळीकडे पातळी ३ असेल तर १५. सगळीकडे पातळी २ असेल तर १०. सगळीकडे पातळी १ असेल तरी ५. म्हणजे वीसपैकी पाच गुण प्रत्येक निबंधाला मिळतातच. कोऱ्या कागदाला किंवा विषय पूर्णपणे सोडून लिहिलेल्या निबंधाला शून्य, हे तक्त्याच्या खाली वेगळं लिहा. तसं लिहून ठेवलं नाही, तर कोऱ्या कागदालाही पाच द्यायचे का, असा वाद होतो.

पडताळणी: अपेक्षेइतकं लिहिणाऱ्या मुलाला वीसपैकी पंधरा, हे तुम्हाला आणि शाळेच्या श्रेणींना मान्य आहे का? नसेल, तर पातळीचं गुणांत रूपांतर आत्ताच बदला. निकाल बघून बदललं, तर पुन्हा तोच शिक्का मारायचा प्रकार.

टप्पा ५: जुन्या निबंधांवर चालवून बघा

हा टप्पा हमखास गाळला जातो. मागच्या वर्षीचे, नावं झाकलेले आठ-दहा निबंध घ्या. त्याच इयत्तेला शिकवणारी सहकारी सोबत असेल तर उत्तम. दोघांनी एकमेकांना न दाखवता तपासायचं आणि मग खुणा शेजारी ठेवायच्या. दहा निबंध, चार निकष, म्हणजे ४० जोड्या. एका पातळीचा फरक अधूनमधून येणारच. दोन पातळ्यांचा फरक एकदा जरी आला, तरी थांबा आणि वर्णन उघडून वाचा. दोष बहुतेक वेळा वर्णनातल्या एखाद्या सैल शब्दाचा निघतो.

याला कमी लेखू नका. १९६१ साली अमेरिकेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले आणि कुठलेही निकष न सांगता दर्जाप्रमाणे नऊ गटांत लावायला सांगितले. एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळे दर्जे मिळाले नाहीत. वाचणारी माणसं जाणकार होती, तरीही.

याच गठ्ठ्यातून प्रत्येक पातळीचा एकेक नमुना निबंध बाजूला काढून ठेवा. तपासताना शंका आली की वर्णन वाचण्यापेक्षा नमुन्याशी ताडून बघणं लवकर होतं.

टप्पा ६: लिहिण्याआधी रुब्रिक मुलांच्या हाती द्या

निबंध झाल्यावर दाखवलेलं रुब्रिक मुलांच्या दृष्टीनं निकालपत्रच असतं. ते लिहायच्या आधी द्या. पण वाचून दाखवून ‘समजलं का?’ विचारू नका. ‘हो’ हेच उत्तर येतं. दोन नमुने द्या, गटात बसवा आणि पातळी ठरवायला सांगा. कुठल्या वाक्यावरून ठरवली, तेही सांगायला लावा. अर्ध्या तासिकेचं काम आहे. ‘सर, यानं उदाहरण दिलंय, पण ते कशासाठी दिलंय तेच सांगितलं नाही’, असं एखादी सातवीतली मुलगी म्हणाली की समजायचं, पातळी ३ आणि ४ मधला फरक पोहोचला.

मुलांच्या प्रतीत भाषा त्यांची हवी. ‘मताची सुसंगत प्रस्थापना’ असलं काही नको. ‘पहिल्या परिच्छेदात जे मत सांगितलं तेच शेवटीही आहे’ असं लिहा.

टप्पा ७: प्रत्यक्ष तपासणी

तपासायला बसताना तीन गोष्टी करा. नावं झाका किंवा वहीचं पान दुमडा. गठ्ठा पिसून घ्या, म्हणजे हजेरीपटाच्या शेवटी असलेल्यांना दर वेळी दमलेला शिक्षक मिळणार नाही. आणि लाल पेन लांब ठेवा. पहिलं वाचन पेनशिवाय.

मग प्रत्येक निबंधाला हा क्रम:

१. एकदा सलग वाचा, काही न लिहिता.
२. पहिला निकष घ्या. पुरावा देणाऱ्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा.
३. त्या वाक्याला लागू पडणारं वर्णन शोधा. पातळी १ पासून वर चढत जा; जिथलं वर्णन लागू पडायचं थांबतं, त्याच्या आधीची पातळी द्या.
४. पुढच्या निकषाला नवी नजर ठेवा. आधीची खूण झाकली तरी चालेल.
५. बेरीज अजिबात करू नका. ती सगळा गठ्ठा संपल्यावर.

पहिल्या वाचनात पेन का नको, ते एका परिच्छेदावरून बघा. सातवीतल्या मुलांच्या लेखनात सापडतो तसा हा नमुना आहे:

‘गृहपाठ रोज नसावा कारन मुलं दमतात. माझी बहीण पाचवीत आहे. ती शाळेतुन आली की दप्तर टाकते आनि तशीच झोपते. उठली की आई म्हणते गृहपाठ कर. मग ती रडत रडत करते आणि सगळी गणीतं चुकतात. चुकलेली गणितं बाई परत करायला सांगतात. म्हणजे दमल्यावर केलेला गृहपाठ दोनदा करावा लागतो.’

पेन हातात असतं तर ‘कारन’, ‘शाळेतुन’, ‘आनि’, ‘गणीतं’ या चार शब्दांना गोल पडले असते, आणि पान लाल झालेलं पाहून मनात ‘साधारण’ हा शब्द उमटला असता. तो पुढच्या सगळ्या चौकटींत उतरतो. आता फक्त आधार बघा. कारण आहे. बहिणीचं नेमकं उदाहरण आहे. आणि शेवटचं वाक्य? दमल्यावर केलेला गृहपाठ दोनदा करावा लागतो, हा निष्कर्ष मुलानं स्वतः काढलाय. ही पातळी ४. पूर्ण निबंध बघता मत ३, मांडणी २ (सगळा मजकूर एकाच परिच्छेदात), लेखननियम १.

शेजारच्या वहीत सुंदर अक्षरात हे असतं: ‘गृहपाठ हा विद्यार्थी जीवनाचा अविभाज्य घटक आहे. नाण्याला जशा दोन बाजू असतात, तशाच गृहपाठालाही आहेत. गृहपाठाने ज्ञानात भर पडते, परंतु अति तेथे माती.’ एकही चूक नाही, आणि एकही उदाहरण नाही. मुलाला गृहपाठ हवाय की नकोय, हे शेवटच्या ओळीत जेमतेम कळतं, आणि सगळं तेच ते शब्द फिरवून सांगितलेलं. मत २, आधार १, मांडणी ३, लेखननियम ४.

भार न देता बेरीज केली तर दोघांनाही सोळापैकी १०. आधाराला दुप्पट भार दिला तर पहिल्याला वीसपैकी १४, दुसऱ्याला ११. रुब्रिक नसताना यातला कुठला निबंध वरचढ ठरला असता, ते ज्यानं त्यानं मनाशी कबूल करावं. मी तरी नाण्याच्या दोन बाजूंना बरीच वर्षं भरघोस गुण देत आलो.

वेळेचा अंदाज: एका निबंधाला सात मिनिटं धरली, तर ४० निबंधांना २८० मिनिटं, म्हणजे पावणेपाच तासांच्या आसपास. एका बैठकीत हे होत नाही. दहा-दहाचे गट करा आणि दर गटाआधी नमुना निबंध पुन्हा वाचा.

सावधान: हात नकळत सैल किंवा कडक होत जातो. सगळा गठ्ठा संपल्यावर पहिले पाच निबंध, आधीच्या खुणा झाकून, पुन्हा तपासा. फरक एका दिशेनंच पडत असेल (सगळीकडे एकेक पातळी वर किंवा खाली), तर पहिला गट परत तपासावा लागेल. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

टप्पा ८: बेरीज, आणि ‘हे पटत नाही’

आता गुण मोजा. दोन-तीन निबंध असे निघतील की एकूण आकडा बघून मन म्हणेल, ‘छे, याला इतके कसे?’ लगेच खुणा बदलू नका. पुराव्याखाली मारलेल्या रेघा पुन्हा वाचा. खूण चुकली असेल तर दुरुस्त करा. खूण बरोबर असेल, तर आकडा तसाच राहू द्या आणि रुब्रिकच्या मागे नोंद करा: या निबंधात जे आवडलं, त्याला तक्त्यात जागा नाही. बऱ्याचदा ते लेखनाचं वेगळेपण असतं, मुलाचा स्वतःचा आवाज. पुढच्या वेळी त्याचा निकष करायचा का, यावर विचार करता येईल. या वेळी मात्र जो तक्ता मुलांना आधी दिला, तोच पाळायचा.

टप्पा ९: वही परत देताना

चौकटींतल्या खुणा म्हणजे शेरा नव्हे. प्रत्येक निबंधावर दोनच वाक्यं लिहा: एक जमलेल्या गोष्टीबद्दल, त्या ओळीकडे बोट दाखवून, दुसरं पुढच्या पातळीवर नेणाऱ्या एका कृतीबद्दल. वरच्या मुलाला मी लिहीन: ‘बहिणीच्या उदाहरणातून तू शेवटच्या वाक्यात जे काढलंस, ते पटलं. आता बहिणीची गोष्ट जिथे सुरू होते, तिथे नवा परिच्छेद कर.’ शुद्धलेखनाचं काय? त्याच्या चार शब्दांची यादी समासात दिली, पुरे.

गुण आणि शेरा एकाच वेळी दिले तर मुलं गुण बघतात, शेजाऱ्याचे गुण विचारतात आणि वही मिटतात. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या, इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरच्या प्रयोगात फक्त शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. प्रयोग निबंधांचा नव्हता, पण वर्गात दिसतं ते याच्याशी जुळतं. म्हणून क्रम असा: आधी शेरा आणि पेन्सिलीच्या रेघा असलेली वही परत, मग एक परिच्छेद पुन्हा लिहायला वीस मिनिटं, आणि गुण दुसऱ्या दिवशी.

पडताळणी: कुठल्याही तीन मुलांना विचारा, ‘पुढच्या निबंधात काय वेगळं करशील?’ ‘अजून चांगलं लिहीन’ असं उत्तर आलं, तर शेरा पोहोचलेला नाही.

टप्पा १०: तक्त्याची दुरुस्ती

सगळ्या वर्गाच्या खुणा निकषवार मोजा. चाळिसातल्या तीस मुलांना मांडणीत पातळी २ मिळाली असेल, तर तीस शेरे लिहिण्यापेक्षा परिच्छेदांवर एक तासिका घ्या. एखाद्या निकषात सगळ्यांना एकच पातळी मिळाली असेल, तर ते वर्णन फार सैल किंवा फार कडक आहे. त्यानं कुणालाच वेगळं ओळखलं नाही. ज्या चौकटीपाशी तुम्ही वारंवार अडखळलात, ती त्याच आठवड्यात बदला, कारण महिन्यानं ते अडखळणं आठवत नाही. बदललेल्या प्रतीवर तारीख घाला. जुनी प्रत त्याच गठ्ठ्याबरोबर जपून ठेवा. एखादे पालक गुणांबद्दल विचारायला आले, तर ज्या तक्त्यानं तपासलं तोच समोर ठेवता आला पाहिजे.